घार बसते कशी

घार उडाली तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. घार बसली आणि लोक हसायला लागले.

सोमवारी सकाळी कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये स्वराली खिडकीला डोकं टेकून फोनवर ते हसू वाचत होती. ‘घार’ ही तिच्या स्टुडिओची नवी कार्टून मालिका. कॉलेजात जाणारी पुण्यातली एक मुलगी, अंगावर तपकिरी पंखांचा झगा चढवते, आभाळात जाते, रात्रभर वाईट माणसांशी भांडते आणि सकाळी परत बसथांब्यावर उभी. दोन वर्षं स्टुडिओतल्या सगळ्यांनी मिळून तिला लहान मुलासारखं चालायला शिकवलं, पळायला शिकवलं, उडायला शिकवलं. रविवारी पहिले दोन भाग ॲपवर आले आणि पोर लोकांच्या ताब्यात गेली.

पहिल्या भागाचं कौतुक चाललं होतं. घार दोन्ही हात पसरून गरगर फिरते आणि समोरच्याला उडवून लावते, ती गिरकी पोरांना फार आवडली होती. ‘कसली भारी फिरते यार!’ ‘मराठीत असं काही बनेल असं वाटलंच नव्हतं.’ स्वतःला ‘घारटोळी’ म्हणवणारा एक गटही तयार झाला होता.

मग दुसऱ्या भागाचा शेवट. रात्र सरलेली, लढाई संपलेली. घार एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उतरते आणि बसते. उजवा हात गुडघ्याच्या वर दाबलेला. डावा हात मागे टाकीची कड चाचपतोय. अंग एका बाजूला कललेलं, खालचा ओठ किंचित आत घेतलेला. हळूहळू ती खाली होते, टेकते, आणि मग एक लांब श्वास सोडते. संगीत नाही. लांबवर एक कावळा, बस्स.

‘घार कसली, ही तर घारूआजी!’

‘सुपरपॉवर : संधिवात.’

‘पंख काढून घ्या, बाम द्या हिला.’

‘टाकीत पाणी आलं का बघायला चढली आणि आता उतरता येईना. एक पुणेकर.’

कुणी तेवढाच तुकडा कापून त्याला भजनाचा ठेका लावला होता. बस चांदणी चौकात अडकून पडली तोवर घार फोनाफोनांवर सारखी बसत होती, उठत होती, परत बसत होती.

तो तुकडा स्वरालीने काढला होता, अडीच महिने खपून. आपल्या कामाला लोक हसले तर वाईट वाटायचं वय तिचं उलटून गेलं होतं. लोक हसतात, मग दुसरं काही मिळालं की तिकडे जाऊन हसतात. तिला भीती एकाच गोष्टीची होती. आईंना कळायला नको. कारण ते बसणं आईंचं होतं.

आई म्हणजे तिच्या सासूबाई, मंदाकिनी. स्टुडिओची एक रीत होती. कुठलीही हालचाल काढायची तर आधी कुणीतरी ती खरोखर करायची, फोनवर तिचं चित्रण करायचं आणि ते समोर ठेवून एकेक चित्र काढत जायचं. पोरं आरशासमोर मारामाऱ्या करत, खुर्चीवरून उड्या मारत. पहाटेचं हे बसणं आलं तेव्हा स्वरालीने स्वतःचं चित्रण करून बघितलं, पण ते अगदीच खोटं दिसलं. पस्तिशीच्या बाईने दमल्याचं सोंग आणलंय, एवढंच दिसत होतं. आणि एका संध्याकाळी मंदाकिनी भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढून आल्या, पिशवी दारात ठेवली आणि दिवाणावर बसल्या. स्वराली बघतच राहिली.

“आई, जरा परत बसून दाखवता?”

“का गं, चुकलं का काही?” असं म्हणून त्या हसल्या होत्या, उठल्या होत्या आणि परत बसल्या होत्या. मग अजून एकदा. मग बाजूने एकदा. मग खिडकी उघडून उजेड घेऊन एकदा. सात-आठ वेळा तरी.

मंदाकिनींना अशा गोष्टींचं कौतुक फार. वीस वर्षं त्या कोथरूड-कर्वेनगरात मंगळागौरीचे खेळ करत होत्या. श्रावण लागला की त्यांच्या चमूला फोनवर फोन. झिम्मा घालावा तर त्यांनी, फुगडी घालावी तर त्यांनी. साठीतही त्या फुगडीला उभ्या राहिल्या की नव्या सुना कडेला सरकत. ओव्या तर त्या उभ्या उभ्या रचत :

*फुगडी घालता घालता बांगडी वाढवली,*
*सासूबाईंनी बाई माझ्या भुवई चढवली.*

घारीची ती गाजलेली गिरकीसुद्धा त्यांच्याच एका जुन्या चित्रणावरून उचललेली. गिरकी त्यांची, बसणंही त्यांचंच. मधली वर्षं कुणाला दिसली नव्हती. गेल्या वर्षी त्यांनी चमू त्यातल्याच नम्रताच्या हवाली केला आणि सगळ्यांना सांगितलं, “आता पोरींनी नाचावं. मी कडेला बसून ओव्या म्हणेन.” घरात सगळे म्हणाले, बरोबर आहे.

स्टुडिओत ऋषी तिची वाटच बघत होता. वयाने लहान, पण हुद्द्याने तिच्या वर, आणि त्याबद्दल कायम थोडासा ओशाळलेला.

“स्वरालीताई, बघितलंस ना? वरून फोन आलाय. तो शॉट बदलायचाय.”

“कशाला?”

“कशाला काय? ट्रोल होतोय! सगळी वेबसिरीज राहिली बाजूला आणि लोक फक्त बसणं बघतायत.”

“दमलीये ती, ऋषी. रात्रभर मारामारी करून आलीये.”

“मान्य. पण सुपरहिरो आहे ना ती? सुपरहिरोने फार तर उभ्या उभ्या दमावं.” त्याने स्वतःच हसू दाबलं. “शुक्रवारपर्यंत नवीन दे. ॲपवाले शनिवारी गुपचूप बदलून टाकतील.”

“तूच म्हणाला होतास, काय वजन आलंय या शॉटला.”

“म्हणालो होतो गं,” तो खाली बघत म्हणाला. “तेव्हा कुणी बघितला नव्हता.”

तिने वाद घातला नाही. नवीन करणार नाही, असंही म्हणाली नाही आणि करते, असंही नाही. जागेवर जाऊन स्क्रीन लावली आणि हातात पेन धरून नुसती बसून राहिली.

संध्याकाळी घरी आली तर सासरे दारातच वर्तमानपत्र घेऊन. श्यामसुंदर बँकेतून निवृत्त झाल्यापासून बातम्यांपेक्षा त्यातल्या चुका जास्त वाचत.

“या. आपली घार सोसायटीच्या ग्रुपवर उतरली आहे,” ते म्हणाले. “खांबेट्यांनी टाकलीये. खाली लिहिलंय, ‘उद्या पाणी येणार नाही, सभासदांनी टाकीवर बसून वाट पाहू नये.’ बरा विनोद आहे. म्हणजे, त्यांच्या मानाने.”

चपला काढता काढता स्वराली थांबली. “आईंनी बघितलं?”

“हिनेच तर मला दाखवलं. मी तो ग्रुप बघत नाही, प्रकृतीला मानवत नाही.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “छान काढलंयस गं. कावळा तर अगदी आपल्या गच्चीवरचा.”

मंदाकिनी चहा घेऊन बाहेर आल्या. आवाजात काही नव्हतं, चेहऱ्यावर काही नव्हतं. कप स्वरालीच्या हातात दिला, स्वतःची कपबशी दोन्ही हातांत धरली आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. पाठ ताठ. हात बशीला चिकटलेले. गुडघ्यावर काही नाही, मागे काही चाचपणं नाही. लग्नाआधी बघायला आलेल्या माणसांसमोर मुलगी बसते तशा त्या बसल्या. फक्त शेवटच्या क्षणी थोडा चहा बशीत सांडला.

स्वरालीचं पोट ज्यावर चालत होतं ते हेच. खरं बसणं कुठलं आणि केलेलं बसणं कुठलं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आईंना कळलं होतं.

“आई...”

“चहा गार होतोय,” मंदाकिनी म्हणाल्या.

मंगळवारी त्या कुणासमोर बसल्याच नाहीत. दूध उभ्याने तापवलं, भाजी उभ्याने चिरली, देवासमोर उभ्याने हात जोडले. ताटं वाढून झाल्यावर म्हणाल्या, “तुम्ही घ्या, मला इथेच बरं वाटतंय,” आणि ओट्याला टेकून चार घास खाल्ले. श्यामसुंदर म्हणाले, “बुफे पद्धत सुरू केली का?” त्यावर त्यांनी डावभर आमटी त्यांच्या वाटीत ओतली. वरद, स्वरालीचा नवरा, कामासाठी चेन्नईला होता. फोनवर त्याला आई नेहमीसारखीच वाटली.

बुधवारी स्वराली जिना चढत होती तर मंदाकिनी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या. तिथे एक मनीप्लँट होता, कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. त्या त्याची पानं पुसत होत्या.

“अहो आई, पिशवी द्या.”

“जा तू वर. मी येते. धूळ किती बसलीये बघ याच्यावर.”

पानं स्वच्छ होती. स्वराली पिशवी घेऊन वर गेली आणि दारात उभं राहून खालचा आवाज ऐकत राहिली. एक पायरी. मग काहीच नाही. मग कठड्यावर बांगड्या वाजल्याचा आवाज. मग एक पायरी. ही चाळीस वर्षांपूर्वीची इमारत, लिफ्ट नाही. पाडून नवी बांधायची तर सभासदांचं भांडण मिटत नाही. आणि याच जिन्यावरून रोज एक बाई वर येते, खाली जाते, परत वर येते. स्वरालीने ही चाल कितीदा ऐकली होती! कधी जिन्यातच ‘आले हं, आले’ असा आवाज यायचा. तो कुणाला उद्देशून असतो, हा प्रश्न घरात कुणाला पडला नव्हता.

पण अजूनही तिला वाटत होतं, आईंना टोचतंय ते लोकांचं हसणं. चार दिवसांत लोक विसरतील. मग सगळं ठीक होईल.

गुरुवारी दुपारी स्टुडिओच्या कँटीनमध्ये तिने डबा उघडला आणि सवयीने फोन उघडला. घारटोळीचं हसणं चालूच होतं, पण आता शिळं झालेलं. त्यात एकाने त्या बसण्याचं एक चित्र थांबवून त्यावर लाल बाण काढले होते. नाव काहीतरी विनोदी होतं, पण खाली लिहिलं होतं की हाडांचा डॉक्टर आहे.

‘गंमत म्हणून बघायला आलो होतो,’ त्याने लिहिलं होतं. ‘पण हे बघा. उजवा गुडघा आत वळलाय. सगळा भार डाव्या पायावर. हात मांडीवर टेकवलेला नाही, गुडघ्याच्या वर दाबून धरलाय. ओठ आधी आत जातो, मग बाई खाली होते, म्हणजे दुखणार हे तिला आधीच माहीत आहे. हे मनाने काढता येत नाही. चित्रकाराने कुणाला तरी बघून काढलंय. ज्यांचा हा गुडघा आहे त्यांना कृपा करून दाखवून घ्या. वर्ष-दीड वर्ष तरी त्या सहन करत असतील.’

खाली उत्तरं होती. ‘डॉक्टर, घारीला इन्शुरन्स आहे का?’ ‘सीझन टू : गुडघा बदली!’

स्वरालीने डबा बंद केला. जागेवर गेली आणि आपली फाईल उघडली. एकामागून एक चित्रं. इथे ओठ आत जातो. त्या ओठाची रेघ साधायला तिला तीन दिवस लागले होते आणि साधली तेव्हा आनंद झाला होता. इथे पाऊल आत वळतं. इथे बोटांची पेरं पांढरी पडतात, तो पांढरा रंग तिने मुद्दाम दिला होता. तिला सगळं दिसलं होतं. त्या डॉक्टराला जे दिसलं ते सगळं आधी तिला दिसलं होतं. अडीच महिने ती त्या दुखण्याच्या कडेकडेने रेघ फिरवत बसली होती, आणि त्याला ‘वजन’ म्हणत होती.

ऋषीला सांगून ती निघाली. बस संध्याकाळशिवाय नव्हती. रिक्षा केली. हिंजवडीच्या गर्दीत रिक्षा तासभर नुसती थरथरत उभी. तिला रिक्षावाल्यालाही सांगावंसं वाटत होतं, आणि कुणालाच सांगू नये असंही.

घरी श्यामसुंदर झोपले होते. मंदाकिनी खिडकीजवळ उभ्या राहून गवार मोडत होत्या.

“लवकर? बरं नाही का?”

“आई, बसा ना.”

“बसते. एवढी गवार...”

“आई.” तिने त्यांच्या हातातलं ताट घेतलं. “दुखतं ना?”

मंदाकिनींनी तिच्याकडे बघितलं. “कुणाला? घारीला?”

स्वरालीने ताट दिवाणावर ठेवलं.

“दुखतं,” मंदाकिनी म्हणाल्या. “गेल्या श्रावणाच्या आधीपासून. फुगडीला उभी राहिले आणि आत काहीतरी सुऱ्यासारखं फिरलं. म्हटलं, झालं, संपलं नाचणं.” दिवाणापाशी आल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग सोडूनच दिलं त्यांनी ताठ राहणं. हात गेला, ओठ आत गेला, त्या खाली झाल्या. श्वास सुटला. “हे असं. तुला माहीतच आहे. तुझ्याकडे तर एकेक काढून ठेवलंयस.”

“लोक हसले म्हणून...”

“लोकांचं काय गं! फेर धरला की कडेला दोघी-तिघी हसणाऱ्या असतातच. त्याच्यासाठी कुणी फेर मोडत नाही.” त्या खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. “तू मला परत परत बसवलंस ना, तेव्हा मला वाटलं, ही आता विचारेल. चौथ्यांदा बसले, म्हटलं, आता विचारेल. उजेड हवा म्हणालीस, खिडकी उघडलीस, अगदी जवळ आलीस फोन घेऊन. म्हटलं, आता तर विचारेलच.” त्या थोडं हसल्या. “तू म्हणालीस, ‘परफेक्ट, आई.’”

स्वराली जमिनीवर बसली, त्यांच्या पायांशी, आणि तिने तोंड झाकून घेतलं.

“रडू नकोस. मला रागवायचं असतं तर तेव्हाच रागावले असते. नाही रागावता आलं. तू इतकी खूश होतीस.”

“मग तुम्ही सांगायचं ना, आई!”

“सांगायचं काय? सगळेच दमलेले. तू पहाटे बस पकडतेस. वरद तिकडे. ह्यांना सांगितलं तर हे म्हणणार, वात असेल, आणि परत वर्तमानपत्रात डोकं घालणार.”

“म्हणालो होतो खरा,” दारातून आवाज आला. श्यामसुंदर उठून आले होते. चष्मा हातात, केस विस्कटलेले. येऊन दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि राहिलेली गवार मोडायला लागले. शेंगा लांब-आखूड मोडत होते. मंदाकिनींनी एकदाच तिकडे पाहिलं.

स्वराली डोळे पुसत म्हणाली, “तो शॉट बदला म्हणतायत. मी नाही बदलणार. खरं आहे ते.”

“बदल,” मंदाकिनी म्हणाल्या.

“आई, पण...”

“बदल म्हणते ना. पेन तुझ्या हातात आहे बाई. वीस वर्षांची पोर, आभाळात उडते, आणि तू तिला माझे गुडघे दिलेस? मी बघायला बसले होते हौसेने, की आपली ही काय बरं करते. तर ती माझ्यासारखीच टेकली. मला इतकं वाईट वाटलं तिचं.” त्यांनी पदराने कपाळ टिपलं. “खरं खरं काय करतेस? खरं आहेच इथे घरात, ते कुठे जात नाही. तिला नीट बसव. दुखू देऊ नकोस.”

स्वरालीने त्या रात्री एक शब्द वाद घातला नाही. सकाळीच फोन लावून लावून शनिवारची वेळ मिळवली, हाडांच्या डॉक्टरांची, कर्वेनगरात. मग स्टुडिओत जाऊन पेन घेतलं. समोर कुठलंच चित्रण लावलं नाही. घार टाकीवर उतरली, पंख झटकले आणि कडेला पाय सोडून टुणकन बसली, पेरूच्या झाडावर पोर बसते तशी. काम वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं. त्या अडीच महिन्यांच्या जागी हा एक दिवस. रेघ हलकी होती, जरा पोकळ होती, आणि कुठेही दुखत नव्हतं. ऋषी म्हणाला, “मस्त! हे आधीच का नाही केलंस?” ती म्हणाली, “सुचलं नाही.”

शनिवारी सकाळी नवा तुकडा ॲपवर चढला आणि दुपारपर्यंत घारटोळीत नवं भांडण लागलं. ‘आधीचं बसणं कुठे गेलं?’ ‘तेवढंच तर खरं होतं राव.’ ‘आम्ही हसलो म्हणजे बदला म्हणालो नव्हतो.’ कुणीतरी लिहिलं होतं की त्याची आई घरी येऊन अशीच बसते, आणि काल त्याने पहिल्यांदा तिला पाणी नेऊन दिलं. स्वरालीने तेवढं वाचलं. तिला वाटलं, यावर काहीतरी वाटायला हवं आपल्याला, पण आतून काही वर येईना. तिने फोन पर्समध्ये टाकला. डॉक्टरांची वेळ होत आली होती.

जिन्यात मंदाकिनी कठडा धरून उभ्या होत्या. स्वराली त्यांच्या एक पायरी खाली, तोंड वर करून, दोन्ही हात पुढे केलेले.

“असं उलटं उतरून तू पडशील आणि मग दोघींना न्यावं लागेल.”

“नाही पडत. दुखरा पाय आधी खाली टाका.”

“कुणी सांगितलं?”

“वाचलं.”

“वाच वाच.” त्यांनी पाय टाकला, ओठ आत घेतला आणि आज तो लपवला नाही. वरून श्यामसुंदर फाईल, पाण्याची बाटली, छत्री आणि टोपी असं सगळं घेऊन उतरत होते. ते मागून म्हणाले, “चार वाजेपर्यंत पोचलो तर माझ्या हयातीत तपासणी होईल.”

“तुम्ही गप्प या हो.”

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थांबल्या. या वेळी पानं पुसली नाहीत. नुसत्या थांबल्या, स्वरालीच्या खांद्यावर सगळा भार देऊन. तिच्या खांद्याला कळ लागली, पण ती हलली नाही. मंदाकिनींनी श्वास घेतला आणि हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं :

*पायरी गं पायरी, तुला कशाची घाई?*
*खाली उभी रिक्षा, वर उभी बाई.*

“पुढे?” स्वराली म्हणाली.

“पुढचं सुचलं की सांगते. आधी हा मजला संपू दे.”

खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. मग डोकं बाहेर काढून ओरडला, “येताय का मावशी, का मीच येऊ वर?”

“ये की,” मंदाकिनी तिथूनच म्हणाल्या. “लिफ्ट नाहीये पण.”

त्याने इंजिन बंद केलं.